बंब अजून गावातच आहे

ताप उतरून दहा महिने झाले, इताउग्वात.
आईच्या बोटांची पेरं अजून सकाळी उघडत नाहीत,
फुगलेल्या दारासारखी.

न्यांदुती विणते ती. म्हणजे, विणायची.
लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, सुई,
मधोमध सुरू होऊन कडेला पळणारे धागे.
ग्वारानीत न्यांदुती म्हणजे कोळ्याचं जाळं.
पेरूचं फूल, वाळवीचं वारूळ
तिच्या हाताला डोळे मिटून यायचं.
आता चौकट भिंतीला टेकून उभी
आणि तिच्या कोपऱ्यात एक खराखुरा कोळी कामाला लागलाय.
आई त्याला हाकलत नाही.
बोटांपेक्षा मला त्याचीच भीती वाटली.

मी हॉस्पिटलच्या तळघरात रक्त तपासतो.
तिची नळी आली. चिठ्ठीवरचं नाव वाचून
मी हातमोजे बदलले, उगाच.
विषाणू : नाही.
दाहाचा आकडा : अजून चढलेला.
म्हणजे आग कधीच विझली,
आगीचा बंब मात्र गावभर घंटा बडवत फिरतोय,
जिथे धूरसुद्धा नाही त्या घरात शिरून
पाणी मारतोय,
गाद्या भिजवतोय, भिंतीवरचे फोटो भिजवतोय.

शेजारच्या बेनिग्ना म्हणाल्या, रडून घे, मोकळी होशील.
पाद्री म्हणाले, वाचलीस, आभार मान.
आई म्हणाली, "रडू येत नाही रे.
रडण्याच्या जागी कापूस आहे."

हे मी डॉक्टर लेस्कानोंना जसंच्या तसं सांगितलं.
त्यांनी ते लिहून घेतलं,
त्याच कागदावर, आकड्याच्या शेजारी.
रक्त आणि कापूस, मध्ये रेघ न मारता.
असं मी सतरा वर्षांत पाहिलं नव्हतं.
म्हणाले, सूज सांध्यापाशीच थांबते असं तुला कुणी सांगितलं?
वर जात असावी. किती, कशी, नक्की ठाऊक नाही.
औषध देऊ. बोलायला माणूसही देऊ.
वेळ लागेल.
किती?
ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर रखवालदार
तेरेरेच्या पेल्यात गार पाणी ओतत होता, अगदी सावकाश.

नाताळ तोंडावर, घराचा पत्रा तापलेला.
मी आईला म्हटलं, हा आळस नाही.
श्रद्धा कमी पडली असंही नाही.
"मग कोण आहे?"
दारात कुणी उभं असल्यासारखं तिनं विचारलं.
बंब, मी म्हणालो. परत जायचं विसरलाय.
ती हसली नाही.
पण थर्मास माझ्याकडे सरकवला,
दोन्ही तळव्यांनी, बोटं न वाकवता.

काल तिनं सुई ओवून मागितली.
विणलं काहीच नाही.
सुई नुसती कापडात खोचून ठेवली
कोळ्याच्या जाळ्यापासून वीतभर अंतरावर,
बाकावर रुमाल टाकून
जागा धरावी तशी.