दुसरी ब, सकाळची शाळा

एप्रिल लागला की शाळा सातला भरते.
हजेरी घेते तेव्हा फळा अजून गार असतो
आणि अंबादास येमुल अर्ध्या झोपेत 'हजर' म्हणतो,
तेही ओरडून.
ही सगळीच मुलं ओरडून बोलतात.
पहिल्या वर्षी मला राग यायचा.
मग एकदा पाच्छा पेठेत एका घरी गेले:
खाली चार माग, वर पोटमाळ्यावर माणसं,
आणि त्या आईने मला 'बसा' म्हटलं
ते मी तिच्या ओठांवरून वाचलं.

नियोजनाच्या वहीत लिहिलंय:
हातच्याची वजाबाकी. जोडाक्षरे.
लांबी मोजणे. घड्याळ, फक्त पूर्ण आणि अर्धा तास.

श्रावणी गड्डमला सातचा पाढा येत नाही,
पंचवीसचा येतो.
आजीच्या सुपाशेजारी बसून शिकली:
पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
चाळीस कट्टे म्हणजे हजार,
त्यातले दोन कारखान्यात छाट म्हणून जातात.
वजाबाकी तिला मी काय शिकवणार!
फक्त हातचा शिकवला.
एककात कमी पडलं तर शेजारच्या दशकाकडून
उसना घ्यायचा.
"परत कधी द्यायचा, बाई?"
एकवीस वर्षं शिकवतेय.
हे कुणी विचारलं नव्हतं.

लांबीसाठी पोरांना मैदानात नेलं.
खडूने एकमेकांच्या सावल्या आखल्या.
याला काय म्हणतात?
"नीड," अंबादास म्हणाला.
रेवणसिद्ध म्हणाला, "नेरळु."
तमन्ना नदाफ म्हणाली, "साया."
आत येऊन चौथा शब्द मी लिहिला.
चारांत एकही जोडाक्षर नाही,
त्यामुळे चारही सगळ्यांनी वाचले.

तमन्नाची सावली, टाचेला अंगठा लावत:
सव्वासातला चोवीस पावलं,
नऊला आठ.
साडेदहाला फरशी चटके देत होती
म्हणून चप्पल घालून मोजली, ती तीनच भरली,
कारण चप्पल तिच्या भावाची होती.
तेव्हा कुठे फूटपट्टी काढली मी.
"उरलेली कुठे गेली?" रेवणसिद्धने विचारलं.
सावली की पावलं, ते मला कळलं नाही.

बोलता बोलता सांगून बसले,
मे महिन्यात एका दुपारी
आपल्या सोलापुरात ती शून्य होते,
मिनिटभर.
"दाखवा."
तेव्हा सुट्टी असते रे.
"मग कशाला सांगितलं?"

एक तारखेला निकाल वाटले.
श्रावणीने प्रगतिपुस्तक आधी हुंगलं, मग उघडलं.

मेमध्ये पटाचा तक्ता भरायला मला बोलावलं.
हेडसरांच्या खोलीत पंखा गरम हवाच ढवळत होता.
खिडकीतून दिसलं:
झेंड्याच्या खांबाशेजारी कुणीतरी
सावधानमध्ये उभं.
मी छत्री घेऊन धावले.
"छत्री नको, बाई," अंबादास म्हणाला,
"किती वाजले?"
बारा वाजून तेवीस.
हे आम्ही शिकवलेलं नाही,
पण त्याने मान हलवली, जसं काही ठरलंच होतं.
खांबाला सावली नव्हती.
त्यालाही नव्हती, खांद्यांखालचा
एक काळा डाग सोडला तर.
मग त्याने एक पाय उचलला,
वाकून चपलेखाली बघितलं.
"हाय, बाई," तो म्हणाला, "खाली लपलीय."
न ओरडता म्हणाला.
मला जवळ जावं लागलं ऐकायला.

त्याला माठातलं पाणी दिलं, दोन पेले,
भिंतीच्या कडेकडेने जा म्हटलं.
भिंतीला कुठे सावली होती!
तो गेला तरी मी तिथेच.
हेडसर फोनवर आहेत, शिपाई झोपलाय
एवढं बघून घेतलं,
आणि हळूच
मीही एक पाय उचलला.