पाय मोडका ध

कुमठेकर रस्त्यावर, पतसंस्थेच्या पोटमाळ्यावर
दोन खुर्च्या, एक स्टूल
आणि घरघरणारा सर्व्हर.
प्रश्न एवढाच की जुना डेटा आता सोपवायचा कुणाकडे.

हेरंब माटे मायएसक्यूएलचा.
अकरा वर्षं चाललंय, म्हणाला, एकदा तरी कुरकुर ऐकलीस?
शबाना आत्तार पोस्टग्रेसची.
कुरकुर नाही हाच तर आजार, म्हणाली,
काहीही भरवा, गिळतो,
वर ढेकरसुद्धा देत नाही.

आणि तुझा हत्ती?
माझा हत्ती दारातच अडवतो.
तारीख खोटी, परत जा.
रकाना रिकामा, परत जा.
म्हणजे आपल्याच पेठेतला, हेरंब म्हणाला
आणि मी स्टुलावरून दोघांनाही हसलो.
मी एसक्यूएलाइटवाला, एक फाइल, खिशात मावणारी.
माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

परवान्यांवरून भांडले, वेगावरून भांडले,
डॉल्फिन पोहणार कुठे, मुठेत गुडघाभर पाणी नाही,
मारियाडीबी म्हणजे त्याच घरातली वेगळी चूल
इथवर गाडी आली
तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली.

बाईंनी पासबुक टेबलावर ठेवलं.
माझ्या नावाचा पाय कुणी मोडला?

कमलिनी मुरलीधर उपाध्

छापलंच होतं तसं. ध पाय मोडका, पुढे कोरं.
पेन्शनवाले म्हणतात, ही बाई तुम्ही नव्हे.

शबानाने बोटांवर मोजलं.
वीस घरांचा रकाना.
यंत्राच्या हिशेबात वेलांटीला एक घर, उकाराला एक,
मोडलेल्या पायालाही एक.
विसाव्यावर दार मिटलं,
य आणि त्याची मात्रा बाहेर राहिली,
आणि अकरा वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही.

बघ, ती हेरंबला म्हणाली.
हेरंबने बघितलं. मग हळूच विचारलं,
आणि उद्या हेच नाव तुझ्या हत्तीला दिलं तर?
ती थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकत बसली.
सांभाळेल, म्हणाली.
मोडका पाय मोडकाच, अगदी जिवापाड.

मग मी खतावणी शोधली, कपाटाच्या तळाशी,
वाळवीने एक कोपरा खाल्लेली.
निळ्या शाईत बाईंची सही, शेवटची मात्रा पार वरच्या ओळीत घुसलेली.
हां, ही मी, बाई म्हणाल्या
आणि माझ्या स्टुलावर बसल्या.

वीस घरं काठोकाठ भरलेली नावं काढली. चारशे बारा.
म्हात् सापडला, वैद् सापडला,
लंगडणारे लगेच ओळखू येतात.
पण एक होता पाटण. दोन्ही पायांवर उभा, धडधाकट.
पाटणच की पाटणकर,
हे ना डॉल्फिनला ठाऊक ना हत्तीला.

सहा वाजले, शबाना खतावणी वाचतेय,
हेरंब टाइप करतोय, मी पानं धरतोय,
बाई मधूनच म्हणतायत, सावकाश, तो ळ आहे, ल नाही.
चहा सांगायचा राहिलाच.

वाद परवा पुन्हा सुरू झाला.
मारियाडीबीपासून.