पहिल्या खेपेला चारच वस्तू

एलिशा लोंढे म्हणाला, पहिल्या खेपेला चारच वस्तू.
पाचवी टाकलीस तर चव मला विचारू नकोस.
मिरजेत नाताळची वाईन त्याच्या घरची असते,
त्यामुळे त्याचा शब्द मोडवत नाही.

तीस वर्षं मी कारखान्याच्या लॅबमध्ये
उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजला.
मळीचे टँकर फाटकातून जाताना पाहिले.
पुढे त्यांचं काय होतं ते डोक्याला ठाऊक होतं,
जिभेला नव्हतं.

गणपती पेठेत म्हटलं, जव द्या. सालासकट,
पेरले तर उगवतील असे. पाच किलो.
दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं.
पाच किलो? होम आहे का घरी?
होमच म्हणायचा, म्हटलं.
त्यानं बिचाऱ्यानं समिधांची जुडीही काढली.

बाहेर पडलो तर अख्खी सांगली आडवी आली.
तासगावचा हिरवा बेदाणा,
गुळाची ढेप, कडेला कुणाच्या तरी नखाचा ओरखडा,
हळदीचा वास तर पोत्यातून उठून मागे मागे.
आम्ही घरचे, आम्हाला सोडून कुठे?
एलिशा आठवला. हात खिशातच ठेवला.
(बेदाणा पाव किलो घेतला. तो खायला.)

हॉप्स पुण्याहून कुरिअरनं आले.
चंदेरी पाकिटात हिरव्या गोळ्या,
शेळीच्या लेंडीहून बारीक.
शोभनानं हुंगलं : कडुलिंब, संत्र्याची साल, बंद कपाट.
एवढ्याशा कडूचे एवढे पैसे?
कडू नसेल तर नुसतं गोडमिट्ट होतं, मी म्हटलं.
हे लग्नाआधी सांगायचं होतं, ती म्हणाली.

यीस्ट अकरा ग्रॅम.
बेकरीवाला फुकट देत होता, एलिशानं हात धरला :
त्यानं पाव होईल. हे घे. झोपलंय,
कोमट पाण्यात उठव, बाळाच्या अंघोळीइतक्या.
कढत ओतलंस तर उठायचंच नाही.

पाण्यावर दोन दिवस गेले.
बोअरच्या पाण्याला साबण फेसत नाही,
नळाला क्लोरिनचा दर्प.
शेवटी नळाचंच, कृष्णेचं, दोन घागरी
रात्रभर उघड्या ठेवल्या.
सकाळी एक मुंगळा तरंगत होता. काढला.

राहिले जव. भिजवले, ओल्या पोत्यात बांधले.
मी थर्मामीटर धरून तक्ता वाचत बसलो.
शोभनानं पोतं सोडलं,
दोन दाणे दाताखाली फोडले.
आज संध्याकाळी थांबवा.
उद्यापर्यंत गोडी मोडात जाईल.
तुला कसं कळलं?
दोन पोरांना नाचणीचं सत्त्व कोण करत होतं?

मी तिकडे ब्रिक्स मोजत होतो
आणि माल्ट इकडे
वाटी-चमच्यानं संपत होता.

परवा दुकानदार भेटला.
होम निर्विघ्न पार पडला ना?
म्हटलं, अजून अग्नी पेटवलेला नाही,
धान्य गच्चीवर वाळतंय.
त्यानं हात जोडले.
मीही जोडले.