स्पेअर

काळाचौकीच्या रात्रशाळेत, पावणेआठला,
फळ्यावर एक विशेषण लिहिलं : स्पेअर.
अर्थ उतरवून घ्या, म्हटलं.
जादाचं. शिल्लक. अडीअडचणीला ठेवलेलं.
खडू अर्धाच होता, आणि डब्यात दुसरा नव्हता.

नईमला हे शिकवायला नको.
कुर्ल्याच्या गॅरेजात तो हा शब्द
दिवसभर हातात धरतो, ग्रीस पुसून.
म्हणाला, मॅडम, स्पेअर म्हणजे उरलेलं कसं?
तो मिळत नाही म्हणून तर
गाडी तीन दिवस उभी राहते.
मी म्हटलं, ते नाम झालं, आपण विशेषण करतोय.
गाडीला काय त्याचं, तो म्हणाला.

हर्षला घागने जुडगा सोडवून
चार चाव्या बाकावर मांडल्या.
ही सहाव्या मजल्यावरच्या दातारांची,
ही बँकवाल्या बाईंची, त्या दोनदा बाहेर अडकल्या,
ही परदेशी गेलेल्यांची, तुळशीला पाणी घालायला,
आणि ही कुणाची ते आता आठवत नाही,
पण टाकवत नाही.
आय हॅव फोर स्पेअर की.
कीज, मी म्हटलं.
कीज, ती म्हणाली.
तुमच्या घराची?
आमच्याकडे सासू आहे, दार उघडंच असतं.

नामाच्या आधी लावायचं हे.
स्पेअर टायर. स्पेअर बटण.
स्पेअर रूम म्हटल्यावर वर्ग हसला.
उच्चार सगळ्यांना जमला,
वाक्य कुणालाच करता येईना.

मागच्या बाकावर चिंचवलकरकाका.
रात्री दहाला त्यांना टॉवरच्या गेटवर उभं राहायचं असतं,
म्हणून युनिफॉर्म घालूनच येतात.
त्यांनी हात वर केला, शाळेतल्या मुलासारखा, सरळ.
माणसाला लागतो का हो हा शब्द?
सहसा नाही, मी म्हटलं.
नाही, वडील आमचे बदलीवाले होते मिलमध्ये.
पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी दारात उभे राहायचे.
कुणी खाडा केला, आजारी पडलं,
की आत. नाहीतर डबा तसाच घरी.
आई पहाटे दिवा लावायची.
देवाकडे नेमकं काय मागायची,
ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कुणी काही बोललं नाही.
मी उगीच शब्दकोश उघडला, पान चाळलं.
हजेरीपटावर माझं नाव पेन्सिलीने आहे,
शाईतल्या सामंतबाई बाळंतपणाच्या रजेवर,
मार्चपर्यंत.
त्यांचं सगळं नीट व्हावं असं मला वाटतं.
वाटतं ना?

उद्या हाच शब्द क्रियापद म्हणून घेऊ, म्हटलं.
अर्थ वेगळा होतो तेव्हा : सोडून देणं, इजा न करणं,
कुणासाठी दोन घटका काढणं.
घंटा झाली. काका सगळ्यात आधी गेले.

दिवे बंद करताना दिसलं,
तिसऱ्या बाकावर एक चावी राहिली होती,
ती न आठवणारी.
पर्समध्ये टाकली.
खालच्या पायरीवर उगाच एकदा चाचपून पाहिली.