तीन दिवसांचं बेट

गोरेगावच्या पर्यटन प्रदर्शनात, स्टॉल एकशे चाळीस,
तीन दिवस मी एका देशाची होते.
रोजचे अठराशे, जेवणाचं कूपन वेगळं,
केसात प्लास्टिकचं पिवळं फूल
आणि पाठ करायला चार पानं:
चलन, व्हिसा, कोरडा हंगाम, पोवळ्यांचे खडक,
शेवटी एकच ओळ माणसांविषयी,
'आमचे लोक हसतमुख आहेत.'

आमचे.
पहिल्या दिवशी हा शब्द घशात अडकला
मांदेलीच्या काट्यासारखा.
भाताचा कोरडा घास घेतात तसं
मी तो पुन्हा पुन्हा म्हटला, आणि उतरला.

लोक यायचे, पिशव्या फुगवायचे.
जैन जेवण मिळेल का? गरम पाणी चोवीस तास?
दोन रात्रींत सगळं बघून होईल?
होईल, मी म्हणायचे. सगळं.
फोटोतल्या निळ्या पाण्यावर बोट ठेवून
एका बाईंनी विचारलं, हा रंग खरा आहे का?
मला काय ठाऊक. वेसाव्यात वाढले मी,
आमचा समुद्र चहाच्या रंगाचा.
म्हटलं, खरा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, एसी बंद पडला तेव्हा,
रेवणकर नावाचे एक गृहस्थ खुर्ची ओढून बसले.
बायको गेल्यापासून दरवर्षी एक देश, म्हणाले,
किमती राहू द्या, मला एवढं सांगा,
तिथं कुणी मेलं तर शेजारी काय करतात?

चार पानांत हे नव्हतं.
मी इकडे तिकडे बघितलं, आणि सांगत सुटले:
त्या घरी चूल पेटत नाही, शेजारून भात येतो,
टोपावर ताट झाकून.
बायका दारात बसून राहतात, फार बोलत नाहीत,
एखादी मध्येच भावकीचं जुनं भांडण काढते
आणि तेही चालतं.
गल्लीतली एकही बोट तीन दिवस पाण्यात जात नाही,
मग बाहेर मासळी कितीही लागलेली असो.
रेवणकरांनी छोट्या पेन्सिलीनं सगळं लिहून घेतलं.
तीनच्या खाली रेघ मारली.

माझ्या मागे एलिसेओ उभा होता,
बेटावरनं आलेला खरा माणूस,
तिकडे शाळेत भूगोल शिकवतो.
ते गेल्यावर विचारलं त्यानं, काय सांगितलंस एवढं?
काम गेलं असं धरून
मोडक्या इंग्रजीत मी सगळं कबूल केलं.
बराच वेळ तो पत्रकांचा गठ्ठा सरळ करत राहिला.
'चार,' म्हणाला.
'आमच्याकडे चार दिवस.'

शेवटच्या संध्याकाळी, स्टॉल उतरवत असताना,
कळलं की तीन दिवस तो हॉटेलात पनीर खातोय.
रिक्षात घातला आणि वेसाव्याला नेला.
वलांड्यांवर बोंबील, जबड्यात जबडा अडकवून लटकलेले.
त्यांच्याखाली तो थांबला, डोळे मिटून,
रात्रीच्या एसटीतून गावच्या फाट्यावर उतरलेला माणूस
थांबतो तसा.

आई बर्फवाल्याशी भांडत होती.
हसतमुख वगैरे नव्हती.
यो कोन? म्हणाली. पाव्हना, म्हटलं.
त्यानं न विचारता एक सुरमई उचलली,
कल्ला उघडून बघितला, परत ठेवली,
खालची घेतली.
'याला कलतं,' आई म्हणाली, आणि भाव उतरवला नाही.

निघताना तिनं सुके बोंबील बांधून दिले
उरलेल्या पत्रकांत, निळं पाणी बाहेरच्या बाजूला.
चकचकीत कागद, वास धरत नाय, कुरकुरली.
रिक्षा यारी रोडला लागली नसेल,
ड्रायव्हरनं मान वळवली, नाक दाबलं,
दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळले.
एलिसेओनं खुणेनं विचारलं, काय झालं?
काही नाही, म्हटलं, आमचे लोक.
आणि वाऱ्यानं सळसळलं तेव्हा लक्षात आलं,
ते पिवळं फूल अजून केसातच.