ओळ नववी

तासगावात, कोल्ड स्टोअरेजच्या मागच्या खोलीत
तिसऱ्यांदा तोच कंपायलर बसवतेय.
रात्रीचे पावणेदोन. भिंतीपलीकडं
अमोनियाचा पाइप मधूनच घसा खाकरतो
आणि पडद्यावर लाल अक्षरं:
हे मॉड्यूल सापडलं नाही.

सापडेल कसं? मी नाव लिहिलं मोठ्या अक्षरानं,
फाइल निघाली लहान अक्षराची.
माझ्या लॅपटॉपवर हे चालून जायचं.
सर्व्हर मात्र तहसील कचेरीतला कारकून,
आधार कार्डावरचं नाव सातबाऱ्यापेक्षा
एका वेलांटीनं वेगळं दिसलं
की मान वर न करता, "उद्या या."

सेटिंगची फाइल बारकी, चौदा ओळींची.
एक स्वल्पविराम जास्त पडला
तर सगळं गाव अंधारात.
अभिनंदन मगदूम पुण्याहून, झोपेतूनच, सांगतो,
"कॅश पूस, फोल्डर उडव, परत बसव."
आमच्या धंद्यातला अंगारा.
पुसली. उडवला. लावला.

मी लिहिते ते ओलं असतं:
बटणं, याद्या, दर चढला की
हिरवा होणारा चौकोन.
ब्राउझरला ते तसंच पचत नाही.
कंपायलर जाळीवर पसरतो,
पाणी काढतो, देठ खुडतो,
कुणी न वापरलेलं झटकून टाकतो.
चार किलो द्राक्षं, एक किलो बेदाणा,
हा हिशेब इथल्या पोरांना
पाढ्यांच्या आधी येतो.

परवा सौद्याला चाचणी घेतली.
अडत्यांच्या फोनवर झकास.
चौगुले म्हणाले, "पोरी, आता गुजरातचा व्यापारी
तिथनंच बोली लावंल बघ."
आणि वजनकाट्यावरच्या इलाही तांबोळींचा फोन
पांढरा. काही उमटेना.
त्यांनी तो उन्हाकडं धरला,
शर्टाला पुसला, परत धरला,
मग हळूच, "माझंच कायतरी चुकलं असंल."

नाही मामा.
चूक नवव्या ओळीत होती.
कोणत्या फोनसाठी, या प्रश्नापुढं
मी लिहिलं होतं: सगळ्यात नवीन.
कंपायलरनं ऐकलं. सांगितलं तेवढंच ऐकतो तो,
विचारत नाही, काट्यावर कोण बसतं.

आता तिथं एक जुनं वर्ष लिहितेय,
तुमच्या फोनचं, ज्याला मागून
रबर लावलंय, बॅटरी पडू नये म्हणून.
फाइल आठ टक्क्यांनी जाड होईल.
होऊ दे. फार वाळवलेला बेदाणा
तसाही कुणी दाताखाली धरत नाही.

परत चालवते. पाइप गप्प.
पाच सेकंद, सहा.
लाल काही नाही. एक पिवळा इशारा:
यातलं काहीतरी जुनं झालंय, लवकरच बंद होईल.
वाचते. उद्यावर टाकते.

सकाळी साडेसातला काट्यावर जाईन,
म्हणेन, "मामा, फोन द्या जरा."
ते आधी पुसतील, शर्टाला,
मग देतील.