तिळभर डावीकडं

दर सात तारखेला मी मिरजेत
सतारमेकर गल्लीत शिरतो.
खांद्याला पिशवी, पिशवीत वही,
वहीत नावं,
नावांवर यंदा आडव्या रेघा जास्त.

कुणी पोराच्या मोबाइलचं नेट
भिंतीवरच्या टीव्हीला जोडलंय,
कुणी शेजारच्या वायफायचा पासवर्ड
वाटीभर आमटीवर मिळवलाय.
मुल्लांच्या सुनेनं तर टीव्हीच विकला.
म्हणाली, "भूपालभाऊ, बघायला वेळ कुठाय,
आणि बघण्यासारखं तरी काय?"
यातलं दुसरं मला पटलं,
पण पटलं म्हणून वसुली होत नाही.

लाडलेसाब चाचांचं नाव पहिल्या पानावर,
शाई विटलेली,
महिना शंभर होते तेव्हापासूनचं.
आता तीनशे चाळीस.
चाचा म्हणाले, "बेटा, तू देतो दोनशे चॅनल,
मी बघतो चार.
एकशे शहाण्णवांचं भाडं मी का भरू?"
आणि खाटेखालून खोकं ओढलं.
छत्री, डबा, एकदाच सोळाशे, पुढं फुकट.
बसवणारा तासगावचा, तो पाचशे मागतोय.
"तूच बसव. गच्ची तुझ्या पायाखालची आहे."

खरंच आहे.
कुठला पत्रा वाजतो, कुठल्या टाकीला टेकायचं नाही,
डोळे मिटून सांगेन.
वीस वर्षांमागं ही काळी तार
दर्ग्याकडच्या खांबावरून, चिंचेवरून,
बस्तीच्या मागच्या भिंतीवरून
मीच ओढत आणली.
खाली पोरं ओरडत होती,
"मुंग्या गेल्या! मुंग्या गेल्या!"
त्या दिवशी मी अख्ख्या गल्लीचा जावई.

वर चाचांचे भोपळे वाळत पडलेले.
त्यांच्यात छत्री ठेवली
तर तीही त्यांच्यातलीच,
अर्ध्यावर कापून, आतला गर खरवडून ठेवलेली.

तोंड आग्नेयेला. पाना माझ्या हातात.
"आलं का?"
"नाही."
"आता?"
"निळंच आहे."
आता मुंग्याही येत नाहीत.
पूर्वी चूक दिसायची, खरखरायची,
जवळ आलोय की लांब ते तरी कळायचं.
आता एक तर सगळं,
नाहीतर नुसतं निळं.

"भूपाल," खालून चाचा,
"जोर नको लावू रे. खुंटी पिळतात तशी पिळ.
तिळभर डावीकडं.
हां. आता हात काढ, पण सावकाश."

मी तिळभर फिरवलं.
खालून बातम्यांचा आवाज आला,
कुणीतरी कुणावर तरी तावातावानं ओरडत होतं,
एकदम स्वच्छ.

उतरलो. वही काढली, पेन चालेना.
चाचांनी कानामागची पेन्सिल दिली,
दांडीवर पडद्यांच्या खुणा करायची.
तिनंच त्यांच्या नावावर रेघ मारली.
त्यांनी बसवणावळीचे तीनशे पुढं केले.
मी घेतले.
घ्यायला नको होते असं
स्टेशन रोडपर्यंत वाटत राहिलं,
मग गाडीत पेट्रोल टाकलं.

निघण्याआधी तार गुंडाळायला घेतली
तर म्हणाले, "अंगणातली राहू दे.
शमीम कपडे वाळत घालते तिच्यावर."
मी खांबाकडून कापली,
उरलेलं टोक खिळ्याला दोन वेढे देऊन बांधलं.

अजून दिसते जाता येता.
दोन लुंग्या, एक हिरवी ओढणी,
मधे जरा ओघळलेली.
परवा चाचा तिच्यापाशी उभे होते,
बोटानं छेडली, कान तिरका केला,
मला बघून म्हणाले,
"उतरलीय रे. ताण बेटा जरा."